माणसं वगळून शब्दसंख्या

स्वल्पविराम हा शब्द नाही, असं बिराजदार अण्णांचं मत आहे, आणि या एका मतापायी ते सोलापुरातल्या निदान अर्ध्या प्राध्यापकांशी भांडलेले आहेत.

तुम्ही म्हणाल, यात भांडण्यासारखं काय आहे, स्वल्पविरामाला शब्द म्हणतं कोण? मीही पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाले, "तुमी म्हणत न्हाय, मी म्हणत न्हाय. ह्यो म्हणतोय की."

ह्यो म्हणजे टेबलावरचा कॉम्प्युटर. त्याच्याकडे बोट करताना अण्णांचा चेहरा असा झाला होता, की घरातलं पोर शाळेत खोटं बोलून आलंय आणि ते आता चारचौघांत सांगायची वेळ आलीय.

अण्णांचं नाव मल्लिनाथ बिराजदार. मूळचे अक्कलकोटकडचे, त्यामुळे मराठी बोलतात आणि चिडले की कानडीत जातात. सात रस्त्याच्या अलीकडे एका बोळात, झेरॉक्सवाला आणि चष्मेवाला यांच्या मधे त्यांचं टायपिंगचं दुकान आहे. एक टेबल, एक प्रिंटर, दोन स्टुलं. तिसरं गिऱ्हाईक आलं की पहिल्याने उठून उभं राहायचं, असा तिथला रिवाज. दारावर मराठी, कन्नड, इंग्रजी टायपिंगची रंगवलेली पाटी आहे, आणि तिच्याखाली अण्णांनी स्वतः खडूने लिहिलंय, 'येथे शब्द बरोबर मोजून मिळतील'. पिठाच्या गिरणीवर वजनाबद्दल लिहिलेलं असतं, तसं. नवीन माणूस ते वाचून हसतो. जुना हसत नाही, कारण त्याचा लेख कधी ना कधी इथून परत गेलेला असतो.

आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांचं दुखणं असं, की प्रत्येकाला हद्द घालून दिलेली असते. सारांश तीनशे शब्दांत, शोधनिबंध तीन हजारांत, निबंधस्पर्धा हजारात. आणि मराठी माणूस प्रस्तावनेतच हजार ओलांडतो. मग कॉम्प्युटर एक आकडा दाखवतो, मासिकाचे संपादक दुसरा सांगतात, आणि लिहिणारा छातीवर हात ठेवून तिसराच सांगतो. तिघांचा निकाल लावायला लोक अण्णांकडे येतात.

अण्णांना गिऱ्हाइकांची नावं सांगून उपयोग नसतो. ते माणसाला त्याच्या फाइलवरून ओळखतात. द्राक्षांच्या निर्यातीवर प्रबंध लिहिणारे ते द्राक्ष सर. लहान मुलांच्या आहारावर काम करणाऱ्या एक बाई अंगाने चांगल्या भरलेल्या आहेत, त्यांना अण्णा भर बोळात "ओ कुपोषण, तुमचं प्रिंट न्या" म्हणून हाक मारतात. माझा विषय दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या आठवडी बाजारांची बोली. त्यामुळे मी बाजार मॅडम. एकदा रिक्षातून उतरताना त्यांनी लांबून "या बाजार, या" म्हटलं आणि रिक्षावाल्याने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. मी आत जाऊन स्पष्ट सांगितलं, की माझं नाव सविता गायकवाड आहे. अण्णा म्हणाले, "गायकवाड माझ्याकडं पाच हायत. बाजार एकच."

मी वळसंगची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. दादांनी, म्हणजे वडिलांनी, मोटारस्टँडवर पोती वाहिली, आईने लोकांच्या रानात खुरपलं, आणि मी एम. ए. होऊन ज्युनिअर कॉलेजला मराठी शिकवते. हे मी कुणी न विचारताही सांगते आणि सांगताना मान खाली घालत नाही. मोठमोठ्या साहेबांपुढे मी बसून बोलते. पण अण्णांच्या स्टुलावर बसले की मला दहावीचा निकाल लागायचाय असं वाटायचं.

कारण पहिलाच प्रसंग तसा झाला. माझ्या पहिल्या प्रकरणाचं पहिलं पान प्रिंटरमधून बाहेर आलं, गरम गरम. शाई फिसकटू नये म्हणून मी त्यावर हळूच फुंकर मारली. अण्णांनी पान माझ्या हातातून काढून घेतलं. "लेझर हाय," म्हणाले. "लेझरचं वाळावं लागत न्हाय. फुंकर चहावर मारायची." त्या दिवसापासून मी तिथे हात मांडीवर ठेवून बसते.

आता मोजणीचं सांगते, कारण ते कळल्याशिवाय अण्णा कळणार नाहीत. कॉम्प्युटर खालच्या पट्टीत जो आकडा दाखवतो, त्यावर अण्णांचा विश्वास नाही. दोन मोकळ्या जागांच्या मधे जे काही सापडेल त्याला तो शब्द धरतो. मधेच एकटी पडलेली आडवी रेघ, तो शब्द. यादीत हाताने टाकलेला 'एक' आणि कंस, तो शब्द. टायपिस्टने चुकून 'बाजारा त' असं तोडलं, तर दोन शब्द. म्हणून अण्णांनी मॅक्रो शिकून घेतले. मॅक्रो म्हणजे एखादं काम कॉम्प्युटरला एकदा नीट लिहून द्यायचं आणि त्याला बटण नेमून द्यायचं. पुढे बटण दाबलं की तो सगळं ओळीने करतो. अण्णांनी पहिला मॅक्रो हौसेने लिहिला, त्याला सांगितलं की बाबा, शब्द मोज. त्याने मोजले. पण मॅक्रोतून विचारलं की हा गडी स्वल्पविराम, पूर्णविराम, इतकंच काय, परिच्छेद संपल्याची खूणसुद्धा शब्दात धरतो, हे अण्णांना ठाऊक नव्हतं.

त्यात एक निवृत्त प्राध्यापक सापडले. त्यांचा स्पर्धेचा निबंध हजाराच्या आत होता. अण्णांच्या मॅक्रोने तो बाराशेवर नेला. अण्णांनी कापायला लावलं. प्राध्यापकांनी जड मनाने सुरुवातीचा सूर्योदय कापला, मग शेवटचं आवाहन कापलं, आणि निबंध पाठवला. दोन महिन्यांनी अण्णांना चूक सापडली. ते भर दुपारी सायकल मारत प्राध्यापकांच्या घरी गेले आणि दारातच म्हणाले, "सर, तुमचा सूर्योदय हकनाक गेला."

तोवर निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं होतं. परीक्षकांनी आटोपशीरपणाचं कौतुक केलं होतं. प्राध्यापक अण्णांचे हात धरून आभार मानायला लागले, पेढा पुढे केला. अण्णांनी पेढा घेतला नाही. "बक्षीस मिळालं ते तुमचं. मोजणी चुकली ती माझी." अजूनही त्या प्राध्यापकांचं नाव निघालं की अण्णा अस्वस्थ होतात.

तेव्हापासून त्यांनी काम तीन मॅक्रोंत वाटून दिलंय. पहिला चाळण. तो जादा पडलेल्या मोकळ्या जागा काढतो. दुसरा सूप. तो एकट्यादुकट्या रेघा, कंस, आकडे पाखडून बाजूला करतो. तिसरा काटा, तो मोजतो. चाळण आणि सूप चालू असताना तुम्ही बोललात तर चालतं. काटा चालू असताना बोलायचं नाही. अण्णा पंखाही बंद करतात. मी एकदा म्हणाले, कॉम्प्युटरला वाऱ्याने काय होतंय? तर म्हणाले, "त्याला न्हाय होत. मला होतंय." सोलापूरच्या एप्रिलमध्ये, पत्र्याखाली, पंखा बंद करून द्राक्ष सर, कुपोषण मॅडम आणि मी श्वास रोखून थांबलेलो आहोत, मागच्या आळीतून यंत्रमागांची खडखड येतेय, आणि अण्णा हात जोडून आकड्याची वाट बघतायत, हे दृश्य मी कित्येकदा अनुभवलंय. आकडा आला की अण्णा तो कानडीत पुटपुटतात, मग मराठीत जाहीर करतात.

बोलण्यातही त्यांचं हेच. तुम्ही घामाघूम होऊन, बस कशी चुकली, पुढची कशी भरली, मग चालत कसं यावं लागलं हे सांगितलंत, की अण्णा ऐकून घेतात आणि म्हणतात, "उशीर झाला. दोन शब्द." पुतण्याच्या लग्नाची पत्रिका त्यांनीच टाइप केली. श्रीकृपा, आशीर्वाद, आग्रहाचं निमंत्रण, आपल्या उपस्थितीने शोभा वाढवावी, सगळं कापलं. उरलं ते 'लग्न आहे, यावे' आणि तारीख, वेळ, पत्ता. त्याखाली मात्र दोन्ही घरच्या माणसांची नावं, बारीक टायपात, पत्रिकेच्या पाठीवरसुद्धा. मांडव घालणाऱ्याचं नाव, आचाऱ्याचं नाव. भावकीतले लोक म्हणाले, ही पत्रिका आहे का मतदार यादी? अण्णांची वहिनी दोन महिने त्यांच्याशी बोलली नाही. अण्णांच्या ते बहुधा लक्षातही आलं नसावं.

आणि एक खोड. प्रबंधाच्या सुरुवातीला ऋणनिर्देश असतो, म्हणजे ज्यांची मदत झाली त्यांचे आभार. त्यात शेवटी टायपिंग करणाऱ्याचंही नाव घालायची पद्धत आहे. अण्णांकडे आलेल्या प्रत्येक ऋणनिर्देशात ते असायचंच, आणि अण्णा ते न विचारता उडवायचे. द्राक्ष सरांनी एकदा हट्टाने पुन्हा घातलं. अण्णांनी पुन्हा काढलं. म्हणाले, "द्राक्षं तुमी हिंडून बघितली. मी काय बघितलं?"

माझा खरा प्रश्न या ऋणनिर्देशापाशीच अडकला होता.

तीन वर्षं मी बाजार हिंडले. वळसंग, मंद्रूप, सोलापुरातला मंगळवार बाजार. माप घालताना, भाव पाडताना, गिऱ्हाइकाला टोमणा मारताना बाया काय बोलतात, ते त्यांच्या पाटीशेजारी बसून ऐकलं. हुसेनबी बागवान यांनी मला फळांच्या ढिगांचे शब्द दिले. महादेवी कोळी यांनी सुकटीचे. भारताबाई माने यांनी तर शिव्या दिल्या, आणि मग समजावून सांगितलं की यातली कुठली शिवी बोहनीच्या आधी देत नाहीत. अशी तीसेक माणसं. आणि त्यातल्या बहुतेक सगळ्यांनी मला एकच विचारलं, की बाई, आमचं नाव येणार का पुस्तकात? मी म्हणाले, येणार. प्रत्येकाला म्हणाले. हुसेनबींनी तर शेजारणीला हाक मारून सांगितलं होतं, "सुनी क्या, मेरा नाम छपनेवाला है."

आणि विद्यापीठातल्या आमच्या विभागाचा नियम आला, ऋणनिर्देश दोनशे शब्दांत. आधी कुणीतरी आभारातच अकरा पानं घालवली होती, त्यात पाहुण्यांपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळे होते, म्हणून हा नियम. दोनशेच्या वर गेला तर प्रबंध परत. शिवाय टायपिंग सेंटरचं शब्दसंख्येचं प्रमाणपत्र जोडायचं. विभागात अण्णांचंच प्रमाणपत्र चालायचं, कारण बाकी कुणाची मोजणी दुसऱ्या कुणाशी जुळायची नाही.

मी घरी बसून करून पाहिलं. मार्गदर्शक, प्राचार्य, ग्रंथपाल, नवरा यांना सोडून चालत नव्हतं. तीस माणसांची नावं आणि आडनावं घातली की गाडी पार पुढे जायची. शेवटी मी सगळी नावं काढली आणि लिहिलं, 'विविध आठवडी बाजारांतील सर्व विक्रेते बंधू-भगिनी'. वाक्य व्याकरणाला धरून होतं, आणि मला ते अजिबात आवडलं नव्हतं. येत्या मंगळवारी हुसेनबींच्या गाड्यासमोरून कसं जायचं, हे कळत नव्हतं.

सोमवारी प्रबंध द्यायचा होता. शनिवारी दुपारी मी अण्णांकडे गेले. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. अण्णांनी फाइल उघडली, चाळण मारली, सूप मारलं. पंखा बंद करायला हात वर नेला आणि तसाच ठेवून पडद्याकडे बघत राहिले.

"हे सर्व विक्रेते कोण हायत?"

मी म्हणाले, बाजारातली माणसं.

"ते कळलं. नावं न्हाईत व्हय त्यास्नी?"

मी नियम सांगितला. अण्णा म्हणाले, नियम मला नका सांगू, प्रमाणपत्र मीच देतोय, नावं सांगा. मला वाटलं, माझी फिरकी घेतायत. आधीच मन कडू झालेलं, त्यात हे. मी जरा चढ्या आवाजातच म्हणाले, की मी नावं घालायची आणि तुम्ही कापायची, एवढ्यासाठी मी उन्हातून आले काय?

अण्णा माझ्याकडे वळले. चिडले असते तर कानडीत बोलले असते. ते मराठीतच बोलले.

"मी शब्द कापतो. माणूस कवा कापलाय?"

मग त्यांनी 'सर्व विक्रेते बंधू-भगिनी' एका झटक्यात पुसलं आणि बोटं कीबोर्डवर ठेवून थांबले. मी सांगायला लागले. कागद बघावा लागला नाही, सगळी पाठ होती. हुसेनबी बागवान. अण्णांनी टाइप केलं, नाव निवडलं आणि दोन बटणं एकदम दाबली. नाव निळं झालं. महादेवी कोळी, निळं. भारताबाई माने, निळं. मी विचारलं, हे निळं कशाला? तर म्हणाले, छापताना काळंच येतंय, हा रंग फक्त काट्यासाठी. त्यांनी अक्षरांची एक वेगळी शैली करून ठेवली होती आणि तिला नाव दिलं होतं 'माणूस'. ज्याला 'माणूस' लावलं, त्याला काटा मोजत नाही.

"मॅक्रोला माणूस कळत न्हाय," अण्णा म्हणाले. "आपल्यालाच दाखवावा लागतो."

मी चक्रावले. इतकी वर्षं ज्यांनी एका शब्दाची गय केली नाही, ते नावं फुकट सोडत होते. मी म्हणाले, हे नियमात बसतं का? अण्णांनी प्रमाणपत्राचा नमुना उघडून दाखवला. 'सदर मजकुराची शब्दसंख्या' आणि पुढे रिकामी जागा, आणि कंसात स्वच्छ अक्षरात, 'माणसांची नावे वगळून'. खाली त्यांचं नाव. किती वर्षं हेच प्रमाणपत्र जातंय, कुणी हरकत घेतली नाही. "चोरून न्हाय काय. लिवलंय की तितं. वाचत न्हाईत ते त्यांचं."

मग आम्ही वरपासून पुन्हा सुरुवात केली. माझ्या मार्गदर्शकांच्या नावाआधी मी गुरुवर्य, प्रा., डॉ. असं सगळं लावलं होतं. अण्णांनी नाव निळं केलं, बाकीचं काळंच ठेवलं. म्हणाले, "नावाला माफी. पदवीला न्हाय." मी विनवण्या केल्या, की सरांना राग येईल. शेवटी डॉ. तेवढं राहिलं, आणि अण्णांनी ते मोजलं.

खाली आले. 'माझी आई' असं होतं.

"आई हा शब्द झाला. मोजावा लागंल. नाव काय त्यांचं?"

मी सांगितलं, कौसल्या सिद्राम गायकवाड. हे नाव रेशनकार्डावर आहे, मतदार यादीत आहे. आणखी कुठे छापलेलं मला आठवत नाही. अण्णांनी ते टाइप केलं, प्रत्येक अक्षर जपून, आणि दोन बटणं दाबली. मी जरा बोळात बघितलं. चष्मेवाला शटरला तेल घालत होता.

पंखा बंद झाला. काटा फिरला. एकशे शहाऐंशी. तीस माणसं आत आली होती आणि शब्द कमी झाले होते.

मी घाम पुसला आणि मनात आलं ते विचारून टाकलं, कारण मला पोटात ठेवायची सवय नाही. नावं मोजत नाही म्हणता, मग तुमचंच नाव तुम्ही सगळ्यांच्या ऋणनिर्देशातून का काढता? ते काय जड होतं?

अण्णांनी पंखा लावला. मग त्यांच्या मानाने पुष्कळच बोलले.

त्यांची बायको सुमित्रा. प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिने नोकरी करून एम. फिल. केलं. त्या वेळी दुकानात टाइपरायटर होता. तिचा प्रबंध अण्णांनी टाइप केला, रविवारी रविवारी, ती शेजारी बसून भाकरीबरोबर शेंगाची चटणी खायला घालायची आणि चुका दाखवायची. तिच्या गाइडने ऋणनिर्देशाला शंभरच शब्द दिले होते. अण्णांनी पेन्सिलीने ठिपके देत मोजले. दोन शब्द जास्त भरले.

"ती म्हणाली, भावाचं नाव काढू. मी म्हटलं, भाऊ फी भरलाय, त्याचं कसं काढतीस? ती म्हणाली, शाळेतल्या बाईंचं काढू. बाईनी पुस्तकं दिलती. मी म्हटलं, मल्लिनाथ बिराजदार काढ. बरोबर दोन." अण्णांनी दोन बोटं वर केली. "फिट्ट बसलं. एक बी कमी न्हाय, एक बी जास्त न्हाय."

ती ऐकायला तयार नव्हती म्हणे. अण्णांनीच पान ओढून घेऊन नव्याने टाइप केलं. घरातल्याघरात आभार कसले, म्हणाले. तिची सगळी सर्टिफिकेटं माहेरच्या नावावर, म्हणून प्रबंधावरही माहेरचंच नाव, सुमित्रा शिवशरण पाटील. तेव्हा त्यात काही वाटण्यासारखं नव्हतं. ती घरात होती.

ती गेल्यावर एकदा ते ग्रंथालयात गेले. तिचा प्रबंध मागितला. तिथल्या माणसाने काढून दिला, आणि सहज विचारलं, तुम्ही कोण यांचे?

"मी सांगितलं. तो बरं म्हणाला. इश्वास ठेवला त्यानं, न्हाय ठेवला असं न्हाय." अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला. "आत नाव असतं, तर पान उघडून दाखवलं असतं. येवढंच."

मग ते काम असल्यासारखे उठले. "मोजणी बरोबर होती," म्हणाले. "काढताना चुकलं." प्रिंटरचा कप्पा ओढून बघितला, कागद संपला होता. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून आणतो म्हणून बाहेर पडले. झेरॉक्सवाल्याशी त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. तो कागदाच्या भावाचं काहीतरी लांबण लावत होता आणि अण्णा त्याला आखडतं घ्यायला सांगत होते.

अण्णांच्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही, असं आहे. मी बसले. त्यांचा कीबोर्ड टाइपरायटरच्या वळणाचा, मला त्यावर एक अक्षर येत नाही. पण प्रमाणपत्र उघडंच होतं आणि त्याच्या तळाशी त्यांचं नाव होतं. मी ते उचललं. ऋणनिर्देशात 'यांच्यामुळे हे काम झाले' या शब्दांच्या आधी नावांची ओळ होती, तिथे बाजारातली माणसं आणि माझी आई यांच्या मधे ते ठेवलं. वेगळं वाक्य लिहिलं नाही. वाक्याला शब्द लागतात. नुसतं नाव, आणि एक स्वल्पविराम वरच्या ओळीतून उचलून आणला. नाव निवडलं, त्यांनी दाबली होती ती दोन बटणं दाबली. निळं झालं. मग उठून पंखा बंद केला आणि काटा लावला.

अण्णा कागदाचा गठ्ठा घेऊन दारात आले. मी त्यांच्या खुर्चीत, पंखा बंद, पडद्यावर काटा चालू. ते काही बोलले नाहीत. काटा चालू असताना बोलायचं नाही, हा त्यांचाच नियम.

आकडा आला. एकशे शहाऐंशी.

मी उठले. अण्णा बसले. त्यांनी ती ओळ वाचली. बोट पुसण्याच्या बटणाकडे गेलेलं मी पाहिलं, आणि तिथेच थांबलेलंही पाहिलं. मागे यंत्रमाग खडखडत होते.

"नावाच्या मागं दोन स्पेस पडल्यात," ते म्हणाले.

त्यांनी चाळण मारली. एक स्पेस गेली. नाव राहिलं. कागद भरला, प्रिंटर घरघरला आणि पान बाहेर आलं, सगळी नावं सारखी, काळी. मी घ्यायला हात पुढे केला. अण्णांनी पान दिलं नाही. दोन्ही हातांनी धरून ते दाराच्या उजेडाकडे वळले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

मी थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, अण्णा, देता का?

"थांबा की बाजार," ते म्हणाले. "जरा वाळू द्या."